बियाणे बदलले, आता माणूस?

मंडळी, छत्रपती संभाजीनगरहून पैठणच्या रस्त्याला लागलात म्हणजे वाटेत बिडकीन येते. या भागातल्या शेतकऱ्याला ज्या वस्तूची ओळख करून द्यावी लागत नाही अशी एक वस्तू म्हणजे कपाशीच्या सरकीचे पाकीट. त्यावरची 'बीटी' ही दोन अक्षरे लहान पोरही वाचते. पण त्या पाकिटात एक मोठी गोष्ट दडलेली आहे, आणि आज जी गोष्ट सांगावयाची आहे तिची सुरुवात तेथूनच करणे बरे.

मातीत राहणारा एक जिवाणू आहे. अळीच्या पोटात गेल्यावर तिला मारक ठरेल असे एक प्रथिन तयार करण्याची कला त्याला उपजत येते. ही कला त्याच्या पेशीत एका सूत्ररूपाने लिहिलेली असते. या लिखाणालाच शास्त्रज्ञ जनुक म्हणतात. तो जनुक जिवाणूतून उचलून कपाशीच्या पेशीत बसवला, आणि कपाशी स्वतःच अळीला विष घालू लागली. जालन्याची महिको ही बियाण्याची कंपनी आणि अमेरिकेतील मोन्सँटो कंपनी यांच्या सहकार्याने तयार झालेल्या या वाणांना मार्च २००२ मध्ये आपल्या सरकारने परवानगी दिली. म्हणजे जनुक उचलून दुसरीकडे बसवण्याच्या विद्येचे पहिले पीक आपल्या मराठवाड्याच्या अंगणातूनच शेतात गेले म्हणा ना!

आता कोणीही विचारील की, सरकीत जनुक बदलता येतो तर माणसात का येऊ नये? मुलाला रोगच होणार नाही, बुद्धी तल्लख होईल, उंची वाढेल, दिवसभर ऊस तोडला तरी कंबर दुखणार नाही, असे का करू नये? प्रश्न वेडगळ नाही. यातले काही आज करता येते, काही उद्या येईल, आणि काही कदाचित कधीच येणार नाही. पण करता येते एवढ्यावर भागत नाही. कोणासाठी करावयाचे, कोणाच्या सांगण्यावरून, आणि बिघडले तर कोणाच्या अंगावर, हे विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही.

आधी जे करता येते ते पाहू. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीत एक पोथी असते असे समजा. तिच्यात सुमारे तीनशे कोटी अक्षरे आहेत आणि अक्षरे मात्र चारच प्रकारची. या पोथीत वीस हजारांच्या आसपास जनुक आहेत. एवढ्या मोठ्या पोथीत एखादे अक्षर चुकले तर काय होते? पुष्कळदा काहीच होत नाही. पण कधी कधी एकच अक्षर घर बुडवते. विदर्भात, नंदुरबार-धुळ्याकडे ज्या सिकलसेल आजाराने कितीतरी कुटुंबे गांजली आहेत, तो आजार हा असा एका अक्षराचा आहे. रक्तातील तांबड्या पेशी गोल न राहता विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग सांध्यांत, पाठीत अशा कळा येतात की मूल रात्र रात्र ओरडते.

गुरुजींनी आणि बाईंनी हे वर्गात दाखवावयाचे तर खर्च काही नाही. दोन मुले उभी करा. प्रत्येकाच्या मुठीत दोन ज्वारीचे दाणे, एक हळद लावलेला आणि एक साधा. हे दोघे आई आणि बाप. दोघेही धडधाकट, कारण दोघांजवळही एकेक साधा दाणा आहे. मात्र दोघेही रोगाचे वाहक. आता तिसऱ्या मुलाने डोळे मिटून दोघांच्या मुठीतून एकेक दाणा उचलावा, तो फळ्यावर मांडावा आणि दाणे परत ठेवावेत. असे चाळीस वेळा करा. दोन्ही दाणे पिवळे असा प्रकार साधारण दहा वेळा येईल, कधी आठ, कधी बारा. मुलांना एक गोष्ट बजावून सांगा. पहिले अपत्य आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुरक्षित, असे नाही. प्रत्येक खेपेस मूठ नव्याने उघडते. लग्नाआधी दोघांच्या रक्ताची तपासणी करून घेण्याचे महत्त्व एवढ्या खेळाने जितके समजते तितके भाषणाने समजत नाही. सिकलसेलचे निर्मूलन करण्यासाठी १ जुलै २०२३ रोजी देशव्यापी मोहीम सुरू झाली, तिचा मोठा भाग ही तपासणीच आहे.

हे झाले सावध राहण्याचे. दुरुस्तीचे काय? जिवाणूंवरही विषाणूंचा हल्ला होतो, आणि हल्लेखोराची ओळख पटवून त्याचे सूत्र नेमके कापण्याची एक कात्री काही जिवाणूंजवळ असते. ही कात्री आपल्याला हव्या त्या जागी चालवता येईल असे एमान्युएल शार्पांतिए आणि जेनिफर डाउडना या दोन शास्त्रज्ञ बाईंनी २०१२ साली दाखवून दिले. २०२० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. क्रिस्पर असे त्या कात्रीचे नाव. पाहा, बीटीची विद्याही जिवाणूची आणि हीही जिवाणूचीच! माणूस फार मोठा कारागीर खरा, पण हत्यारे बहुधा उसनी असतात.

या कात्रीने सिकलसेलवर जो उपचार केला जातो त्याची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. आईच्या पोटात असताना बाळाचे रक्त निराळ्या घडणीचे असते. जन्मानंतर काही महिन्यांत ती घडण बंद पडते आणि मोठ्या माणसाची सुरू होते. सिकलसेलमध्ये बिघडलेली असते ती ही मोठ्यांची घडण. तेव्हा शास्त्रज्ञांनी चुकलेले अक्षर दुरुस्त करण्याच्या भानगडीत न पडता, बाळपणीचे रक्त बंद करणारी कळच निकामी केली. रोग्याच्या शरीरातून रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी काढावयाच्या, बाहेर त्यांच्यावर कात्री चालवावयाची, जालीम औषधे देऊन हाडांतील जुना मगज रिकामा करावयाचा, आणि सुधारलेल्या पेशी परत सोडावयाच्या. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने या उपचारास मान्यता दिली. किंमत अमेरिकेत बावीस लाख डॉलर ठरली. रुपयांत सांगावयाचे तर अठरा कोटींहून अधिक. म्हणजे ज्या आजाराचे रोगी गडचिरोलीच्या पाड्यावर आहेत, त्यांच्यासाठीचे औषध कुबेराच्या दुकानात ठेवलेले.

पण येथे निराश होण्याचे कारण नाही. रक्ताच्या काही कर्करोगांवर रोग्याच्याच पांढऱ्या पेशी काढून, त्यांत नवा जनुक घालून, त्यांना रोगाशी लढावयास शिकवून परत सोडण्याचा उपचार पवईच्या आयआयटीतील शास्त्रज्ञांनी आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलमधील डॉक्टरांनी मिळून घडवला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. परदेशी उपचाराच्या सुमारे एक दशांश खर्चात तो होतो. तोही गरिबाच्या आवाक्यात आला असे म्हणवत नाही. पण किंमत ही दैवाने ठरवलेली नसते, हे त्यावरून कळते.

येथवर कोणाचीच तक्रार असणार नाही. रोग्याला बरे करणे कोण वाईट म्हणेल? अडचण पुढे आहे. जो रोगी नाही, त्याला अधिक बलवान, अधिक हुशार, अधिक दीर्घायुषी करावे काय? पुष्कळ सज्जन माणसे म्हणतात की नाही, देवाने किंवा निसर्गाने जसे घडवले तसेच राहावे. बरे करणे ठीक, वाढवणे पाप.

मला स्वतःला ही रेघ इतकी सरळ दिसत नाही. १४ जून १८०२ या दिवशी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली. बसऱ्याहून आलेली ती लस आपल्या देशात लागू पडलेली पहिली. ती मुलगी आजारी नव्हती, चांगली खेळती होती. तिला जे मिळाले ते निसर्गाने कोणत्याही मुलाला दिलेले नव्हते. देवी न काढताच देवीपासून अभय! याला सुधारणा म्हणावयाची नाही तर काय? त्याच १८०२ साली विलायतेत जेम्स गिलरे नावाच्या चित्रकाराने एक व्यंगचित्र काढले होते. गाईपासून आलेली ती लस टोचलेल्या माणसांच्या दंडांतून, नाकांतून गाई बाहेर पडत आहेत असे ते चित्र. आपल्याकडेही टोचणारा गावात आला की लोक पोरे लपवून ठेवत. पुढे मे १९७५ मध्ये भारतातील शेवटचा रोगी सापडला, आणि १९८० साली जगातून देवी गेल्याचे जाहीर झाले. चष्मा लावणारे गुरुजी, कवळी लावणारे आजोबा, लस घेतलेले आपण सारेच, निसर्गाने केले त्याहून थोडे अधिक आहोत. तेव्हा 'निसर्गाविरुद्ध आहे' एवढ्याच कारणाने एखादी गोष्ट टाकून देता येत नाही.

उलट, चांगली सुधारणा कशी असते याचा नमुना पाहावयाचा तर जयपूरचा पाय पाहा. विलायती घडणीचा कृत्रिम पाय बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी होता. आपल्या शेतकऱ्याला त्याचा उपयोग काय? त्याला मांडी घालून जेवावयाचे असते, उकिडवे बसावयाचे असते, चिखलात अनवाणी उतरावयाचे असते. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी साठीच्या दशकात असा रबरी पाय घडवला की तो घालून माणूस हे सर्व करू शकतो. येथे पाय ज्याचा, गरज त्याची. मोजमाप त्याच्या जगण्याचे घेतले होते.

हे मोजमाप उलटे घेतले म्हणजे काय होते, हे कळण्यासाठी परदेशातल्या भविष्यकथा वाचावयास नकोत. आपल्याच मराठवाड्यात ते घडले आहे, तेही फार जुनी गोष्ट नव्हे.

दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, पैठणकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, हे तुम्ही दरसाल पाहता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता. कामाला एक दिवस कोणी गेले नाही तर खाडा धरतात, आणि त्या खाड्याचा दंड उचलीत वाढतो. आता बाईच्या अंगाला महिन्याचे चार दिवस असतातच. फडावर न्हाणी नाही, संडास नाही, उन्हात मोळ्या डोक्यावर. अंगावर जाण्याचा, पोटात दुखण्याचा त्रास होतो, डॉक्टरकडे जावे तर तेथे कर्करोगाची भीती घातली जाते. मग तिला सल्ला मिळतो, "पिशवीच काढून टाक, कटकट मिटेल." २०१९ साली या प्रकाराचा बोभाटा झाला. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली.

हा आकडा एकदा सावकाश वाचा. दर सहा बायांत एक. त्यांत काहींना खरोखरीच शस्त्रक्रियेची गरज असेल, हे मान्य. पण पुष्कळ जणी विशी-तिशीच्या होत्या. गर्भाशयाबरोबर कोवळ्या वयात अंडाशयेही गेली म्हणजे हाडे ठिसूळ होतात, कंबर धरते, अंगाची आग होते. म्हणजे काम अखंड व्हावे म्हणून जे केले, त्याने कामाची ताकदच गेली. आणि शस्त्रक्रियेचा खर्च? तो पुन्हा उचलीतूनच.

कोणी म्हणेल, यात नवे तंत्र कोठे आहे, हा तर जुनाच चाकू. बरोबर. पण विचार नीट पाहा. कामाच्या सोयीसाठी माणसाचे शरीर बदलले. फडावर न्हाणी बांधणे, महिन्यात दोन दिवसांची पगारी सुट्टी देणे, हे स्वस्त आणि सोपे होते. ते न करता बाईला कापले. ज्या दिवशी थकवा न येणारे औषध किंवा झोप न लागणारी सुई निघेल, त्या दिवशी मुकादम काय म्हणेल, ते मी सांगावयास नको. आणि बाईने 'राजीखुशीने' अंगठा दिला असेही कागदावर असेल. तेराही हजार जणींच्या कागदांवर संमती असणारच! उचलीच्या ओझ्याखाली दिलेली संमती किती वजनाची, हे मात्र कागद सांगत नाही.

दुसरा अनुभवही आपला घरचा आहे. गर्भजल तपासण्याची विद्या आपल्या देशात सत्तरीच्या दशकात आली ती बाळातील दोष ओळखण्यासाठी. हेतू उत्तम. पण तपासणीत मुलगा की मुलगी हेही कळते, हे समजायला लोकांना वेळ लागला नाही. सोनोग्राफीने तर ते आणखी सोपे केले. महाराष्ट्राने १९८८ साली यावर कायदा केला. असा कायदा करणारे हे देशातले पहिले राज्य. मग १९९४ साली केंद्राचा कायदा झाला, २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. तरीही काय झाले? सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात १९९१ साली ९४६ मुली होत्या. २००१ साली ९१३. २०११ साली ८९४. बीड जिल्ह्यात त्या वर्षी ८०७ च.

परदेशात पंडित लोक वाद घालतात की उद्या आईबापांना मूल निवडण्याची मुभा मिळाली तर ते काय निवडतील. आपल्याकडे याचे उत्तर जनगणनेच्या पुस्तकात छापलेले आहे. उद्या गोरा रंग निवडता आला, उंची निवडता आली, तर आपण फार शहाणपणाने वागू, असे कोणी छातीठोक सांगू शकेल? विवाहाच्या जाहिराती वाचणाऱ्या माणसाला तरी ते सांगता येणार नाही.

आणि हा नुसता तर्क राहिलेला नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये हे जिआनक्वी नावाच्या चिनी शास्त्रज्ञाने जाहीर केले की, आपण गर्भावस्थेतच जनुक बदलून जुळ्या मुली जन्माला घातल्या. बाप एचआयव्हीबाधित होता. मुलींना तो रोग कधी होऊ नये म्हणून हा उद्योग. वास्तविक बापाचा रोग बाळाला न लागण्याचे साधे उपाय आधीच उपलब्ध होते. जगभर गहजब झाला, चीनमध्येच त्याला तीन वर्षांची कैद झाली. गहजब का, ते समजून घ्या. सिकलसेलच्या रोग्याच्या रक्तात केलेला बदल त्याच्याबरोबर संपतो. या मुलींत केलेला बदल त्यांच्या लेकरांत, नातवंडांत उतरू शकतो. ज्यांच्या अंगात तो उतरणार, त्यांना कोणी विचारले? आपल्या देशात असा वंशात उतरणारा बदल करण्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नियमांनी मनाई आहे.

कपाशीचा अनुभव येथे पुन्हा उपयोगी पडतो. सुरुवातीची वर्षे बीटीने फवारणी वाचवली, हे कोणी नाकारू नये. पण पूर्वी त्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची एक लहान पुडी येत असे, आठवते ना? साध्या सरकीची. शेताच्या कडेने ती लावावयाची होती. काही अळ्यांना साधी कपाशी खावयास मिळावी, म्हणजे विष पचवणाऱ्या अळीचा वंश वाढू नये, अशी ती योजना. किती जणांनी पुडी लावली आणि किती जणांनी बांधावर फेकली, हे ज्याचे त्याला ठाऊक. एका शेतकऱ्यापुरते पाहिले तर पुडी फेकण्यात फायदाच होता, तेवढ्या ओळींत अळी पडणार नव्हती. सगळ्यांनी फेकली, आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातली कपाशी पोखरून काढली. तरी ते बियाणे होते. पुढल्या साली दुसरे पीक घेता आले. माणसाचे बियाणे बिघडले तर पुढल्या साली तूर पेरू म्हणण्याची सोय नाही.

एकेकट्याचा फायदा आणि सर्वांचा तोटा, हा प्रकार शरीर वाढवण्याच्या हौसेत पावलोपावली येतो. जत्रेत तमाशा पाहताना पुढचा माणूस टाचा उंचावून उभा राहिला की मागच्याला उभे राहावे लागते, त्याच्या मागच्याला दगडावर चढावे लागते. शेवटी सगळ्यांचे पाय दुखतात आणि दिसते पूर्वीइतकेच. पोलीसभरतीची तयारी करणारी आपली पोरे पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात. त्यांच्यातल्या एकाने ताकदीची सुई घेतली की दुसऱ्याला वाटते, आपण मागे राहू. स्नायू फुगवणाऱ्या या औषधांनी यकृत बिघडते, हृदयावर ताण येतो, पौरुषही जाते. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये बेन जॉन्सनने शंभर मीटरची शर्यत विक्रमी वेळात जिंकली आणि तीन दिवसांत सुवर्णपदक परत द्यावे लागले, ते याच जातीच्या औषधापायी. जागा मात्र होत्या तेवढ्याच राहतात. सगळ्यांनी सुया टोचल्या म्हणून सरकार भरती वाढवीत नाही.

आता बिडकीनकडे पुन्हा येऊ. येथील औद्योगिक नगरी सुमारे ७,८५५ एकरांवर वसवली जात आहे. २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तिचे लोकार्पण झाले. जेथे बापाने कपाशी वेचली, तेथे लेक यंत्रावर उभा राहील. चांगले आहे. मोटारीच्या कारखान्यांत हात डोक्यावर धरून तासन्तास काम करावे लागते, खांदे भरून येतात. फोर्ड कंपनीने २०१८ साली सात देशांतील आपल्या पंधरा कारखान्यांत कामगारांना अंगावर चढवण्याचा एक सांगाडा दिला. तो हातांचा भार उचलतो, खांद्याला आराम देतो. असा सांगाडा उद्या बिडकीनला आला तर मी तरी त्याचे स्वागत करीन. मग एकच विचारावयाचे. खांदा दुखेनासा झाला म्हणून कामगार संध्याकाळी ताजा घरी जाणार, की खांदा दुखत नाही ना, मग दीडपट माल काढ, असे त्याला सांगणार? पहिल्यात तो जयपूरचा पाय आहे. दुसऱ्यात ती उसाच्या फडावरची पिशवी आहे. यंत्र दोन्हीकडे एकच.

यंत्र अंगावरून काढून खुंटीला टांगता येते, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. शरीराच्या आत बसवायचे यंत्र तसे नाही. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत मानेखाली लुळा पडलेल्या एका तरुणाच्या मेंदूत एक यंत्र बसवले. आता तो नुसत्या विचाराने संगणक चालवतो, बुद्धिबळ खेळतो. त्याला हे वरदानच आहे. पण काही आठवड्यांतच मेंदूतल्या कित्येक बारीक तारा जागेवरून सरकल्या, आणि कंपनीला हिशेब बदलून तो सांभाळावा लागला. यंत्र आत आणि किल्ली कंपनीच्या हाती, अशी ही सोयरीक आहे. पंप बिघडला की मिस्त्री यायला किती दिवस लागतात, हे माहीत असणाऱ्याला यातली मेख सांगावी लागणार नाही.

मग खेड्यातल्या माणसाने करावे काय? आज बिडकीनच्या दवाखान्यात कोणी जनुक बदलावयास बसलेले नाही. पण शरीर कापण्याचे, टोचण्याचे, आत काही बसवण्याचे सल्ले मात्र रोज मिळतात, आणि सवय तेथूनच लावावी लागते. बीडच्या प्रकरणानंतर त्या जिल्ह्यात खाजगी दवाखान्याला गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घेण्याचे बंधन आले. सल्ला देणारा आणि पैसे घेणारा एकच असू नये, तिसऱ्याने मध्ये पाहावे, हा त्यातला विचार. हे कायद्याने झाले नाही तेथे आपण स्वतः करू शकतो. दुसऱ्या डॉक्टरला, सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरला कागद दाखवता येतात. आशाताईला बरोबर नेता येते.

आणि शिक्षक मंडळींना एक विनंती. दवाखान्यातला संमतीचा कागद बहुधा इंग्रजीत असतो, बारीक टायपात. असा एक कोरा कागद मिळवून आठवी-नववीच्या मुलांकडून त्याचे मराठी करून घ्या. त्यात काय काढणार, काय घालणार, परत पूर्ववत करता येईल की नाही, आणि न केल्यास काय होईल, हे कोठे लिहिले आहे ते मुलांनाच शोधू द्या. ज्या घरातली आई पुढच्या हंगामाला ऊसतोडीला जाणार असेल, त्या घरात तो कागद वाचून दाखवणारे एक माणूस तयार झालेले असेल.